बारा काळ पाठ, तरी तोंडातून 'डिडन्ट वेन्ट'च का जातं?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच सांभाळणाऱ्या तरुणाचा प्रश्न आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'बारा काळांचा तक्ता शाळेपासून पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण साहेबांपुढं बोलायला लागलो की सगळं एकात एक मिसळतं. हेल्पिंग व्हर्ब म्हणजे नेमकं काय? कुठं डिड, कुठं हॅव, कुठं हॅड, हे कशावरून ठरवायचं? पुढच्या सोमवारी बढतीची मुलाखत आहे.' सोबत त्यानं स्वतःची चार वाक्यं पाठवलीत. साहेबांनी चारही चूक म्हणून परत केलेली:

'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.'
'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स.'
'द ड्रायव्हर डिडन्ट केम.'
'आय विल कॅन जॉइन फ्रॉम द फर्स्ट.'

कोल्हापूरच्या राजारामपुरीत इंग्रजीचे वर्ग घेत मला पंचवीसेक वर्षं झाली. ही चार वाक्यं मी गडहिंग्लजच्या पोरांकडून ऐकली, इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांकडून ऐकली आणि खरं सांगायचं तर कॉलेजात असताना स्वतःच्या तोंडूनही ऐकली. या चुका अडाण्याच्या नाहीत, पक्क्या मराठी माणसाच्या आहेत. मराठीत जे बरोबर आहे तेच त्यानं इंग्रजीत उचलून ठेवलंय. म्हणून मी उत्तर मराठीपासूनच सुरू करते.

आधी त्या तक्त्याबद्दल. तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार, म्हणून बारा. परीक्षेत जागा भरायला तो बरा. पण बोलताना कुणी 'थांबा, हा पूर्ण चालू वर्तमानकाळ' असं म्हणून खण उघडत नाही. शिवाय तक्ता एक गोष्ट लपवतो. रूप बघायला गेलं तर इंग्रजी क्रियापदाला काळ दोनच आहेत. 'गो' आणि 'वेन्ट'. 'वर्क' आणि 'वर्क्ड'. भविष्यकाळाचं वेगळं रूपच नाही. आपल्याकडं 'जा'चं 'जाईन' होतं, क्रियापदाच्या अंगावरच भविष्य उमटतं. इंग्रजीत 'गो'च्या अंगावर तसं काही उमटत नाही, शेजारी 'विल' आणून उभा करावा लागतो. हा 'विल'ही मुळात 'इच्छा असणे' या अर्थाचा शब्द. मृत्युपत्राला आपण 'विल' म्हणतो ना, तीच ती इच्छा. आजही इंग्रजी माणूस भविष्याबद्दल बोलताना दरवेळी 'विल' वापरत नाही. उद्याची गाडी आठला सुटते हे तो 'द ट्रेन लीव्हज अ‍ॅट एट टुमॉरो' असं सांगतो, स्वतःचं निघायचं ठरलेलं असेल तर 'आय अ‍ॅम लीव्हिंग टुमॉरो' म्हणतो. आपणही 'उद्या निघतोय' म्हणतोच की.

आपल्या गोंधळाचं एक मूळ 'काळ' या शब्दातच आहे. घड्याळातला वेळ आणि क्रियापदाचं रूप, दोन्हीला आपण काळच म्हणतो. पण मराठीतसुद्धा या दोघांचं नेहमी जमतं असं नाही. बिंदू चौकात मित्र वाट बघतोय, फोन करतोय, आपण अजून घरात चप्पल शोधतोय आणि सांगतोय, 'आलोच!' रूप भूतकाळाचं, गोष्ट पुढची. 'पाऊस आला तर येणार नाही' यात 'आला' भूतकाळी दिसतो, पण पाऊस अजून यायचाय. त्यामुळं मराठी वाक्यातलं रूप बघून इंग्रजी रूप निवडलं की फसगत ठरलेली. 'इफ द रेन केम' असं लिहिणारी मुलं याच खड्ड्यात पडतात. तिथं साधं 'इफ इट रेन्स' हवं.

आता हेल्पिंग व्हर्ब. मी वर्गात ऊसाच्या ट्रॅक्टरनं समजावते. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर एक ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या जाताना रोज दिसतात. माल सगळा ट्रॉलीत. पण वळायचं असलं की वळतो तो पुढचा ट्रॅक्टर, आणि नंबरप्लेट बघायची असली तर तीही पुढंच. इंग्रजी वाक्यात मुख्य क्रियापद म्हणजे भरलेली शेवटची ट्रॉली, अर्थ तिच्यात. सगळ्यांत पुढं असलेलं सहायक क्रियापद म्हणजे ट्रॅक्टर. काळ त्याच्यावर दिसतो, कर्त्याप्रमाणं बदल त्याच्यावर होतो, 'नॉट' त्यालाच चिकटतो आणि प्रश्न विचारायचा झाला की कर्त्याला ओलांडून तोच पुढं येतो. 'शी इज वर्किंग.' 'शी इझन्ट वर्किंग.' 'इज शी वर्किंग?' तिन्ही वाक्यांत 'वर्किंग' जागचं हललेलं नाही.

मग 'शी वर्क्स हिअर' यात ट्रॅक्टर कुठाय? नाहीच. साध्या होकारी वाक्यात शेवटची ट्रॉली एकटीच स्वतःच्या इंजिनावर चालते आणि काळाचं ओझंही स्वतःच वाहते. अडचण वळताना येते. नकार द्यायचा, प्रश्न करायचा, तर वळणार कोण? तेव्हा इंग्रजी भाषा एक भाड्याचा ट्रॅक्टर आणते. त्याचं नाव 'डू'. त्याला स्वतःचा काही अर्थ नाही, तो फक्त ओढायला. चारशे वर्षांपूर्वी 'आय नो नॉट' असं बिनडूचं इंग्रजीही सर्रास चालायचं. पुढं डूची सवय भाषेला अशी लागली की आता त्याच्याशिवाय नकारच होत नाही. ट्रॅक्टर आला की काळाचं ओझं त्याच्यावर जातं आणि ट्रॉलीत नुसता माल उरतो. 'वर्क्स'मधला 'स' उठून 'डू'वर बसतो: 'शी डझन्ट वर्क हिअर.' 'केम'मधला भूतकाळ उठून 'डू'वर बसतो आणि त्याचा 'डिड' होतो: 'द ड्रायव्हर डिडन्ट कम.' काळाचं ओझं एकच, ते एकानंच वाहायचं. 'डिडन्ट केम' मध्ये ते दोघांच्या डोक्यावर ठेवलंय, चूक एवढीच.

हे परकं वाटतंय? मग मराठी ऐका. 'तू जातोस.' आता नकार द्या. 'तू जात नाहीस.' तो 'स' कुठं गेला? 'जातोस'वरून उठला आणि 'नाही'वर जाऊन बसला. 'जात' बिचारं उघडं राहिलं. 'तू जातोस नाहीस' असं आपल्या चार वर्षांच्या पोरानंही कधी म्हटलेलं नाही. म्हणजे 'डिडन्ट कम'चा नियम आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे, फक्त कुणी तसं दाखवलेलं नसतं. मला स्वतःला हे दिसायला शिकवायला लागल्यावर सात-आठ वर्षं लागली. तोवर मीसुद्धा 'डिडनंतर पहिलं रूप, डिडनंतर पहिलं रूप' असं फळ्यावर आपटत होते.

ट्रॅक्टरमागं एकाहून जास्त ट्रॉल्या असतील तर काय, हा त्याच्या प्रश्नातला दुसरा भाग. प्रत्येक सहायक क्रियापदाचा मागचा हूक ठरलेला असतो आणि त्यात पुढचा शब्द एकाच रूपात बसतो. विल, वुड, कॅन, कुड, शॅल, शुड, मे, माइट, मस्ट, या नऊ जणांच्या मागं कायम मूळ रूप. डूच्या मागंही मूळ रूप. 'हॅव'च्या मागं तिसरं रूप, म्हणजे गो-वेन्ट-गॉनमधलं 'गॉन'. 'बी', म्हणजे अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, याच्या मागं काम चालू असेल तर आयएनजी आणि काम कुणाकडून तरी होत असेल तर तिसरं रूप. संपलं. बारा खणांचा तक्ता एवढ्यातूनच तयार होतो. एक लांबलचक वाक्य घेऊन बघा: 'द मटेरिअल शुड हॅव बीन डिस्पॅच्ड.' माल जायला हवा होता. 'शुड'मागं मूळ रूप म्हणून 'हॅव'. 'मटेरिअल' एकवचनी आहे म्हणून 'हॅज' करायचा मोह होतो, पण ओझं पुढच्या 'शुड'कडं आहे, मागच्यानं काही उचलायचं नाही. 'हॅव'मागं तिसरं रूप म्हणून 'बीन'. 'बीन'मागं, माल स्वतः जात नाही, कुणीतरी पाठवतो, म्हणून 'डिस्पॅच्ड'. ज्याला हे एक वाक्य पिना काढून परत जोडता येतं, त्याला तक्त्याची गरज नाही.

हा 'बी'चा दुहेरी हूक डिस्पॅचवाल्यानं नीट समजून घ्यायलाच हवा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर यातून चांगलाच प्रसंग ओढवला होता. गाडी भरायचं काम चालू होतं, 'माल पाठवतोय' असं ग्राहकाला कळवायचं होतं, आणि त्यानं ईमेलमध्ये लिहिलं, 'द मटेरिअल इज डिस्पॅच्ड.' समोरच्यानं त्याचा अर्थ माल गेला असा घेतला आणि दुसऱ्या दिवशी गाडीचा नंबर मागायला सुरुवात केली. गाडी तर अजून गेटच्या आत. त्याला म्हणायचं होतं 'इज बीइंग डिस्पॅच्ड', म्हणजे पाठवला जातोय. गेला असता तर 'हॅज बीन डिस्पॅच्ड'. मधल्या एका शब्दावरून दोन दिवस फोनाफोनी झाली.

आता 'हॅड'. यावर जरा थांबते, कारण कोल्हापुरात जेवढा 'हॅड' वाया जातो तेवढं पाणीही जात नसेल. आपण म्हणतो, 'काल मी पुण्याला गेलो होतो.' का म्हणतो? 'गेलो' एवढंच म्हटलं तर माणूस अजून पुण्यातच आहे की काय असं वाटतं. 'होतो' लावल्यानं कळतं की गेलो, काम केलं आणि परत आलो. मराठीतला हा 'होतो' फार कामाचा आहे. पण इंग्रजीतल्या 'हॅड'चं काम ते नाही. 'हॅड'ला दोन भूतकाळी गोष्टी लागतात, त्यातली आधीची कुठली ते तो सांगतो. स्टेशनवर पोचलो तेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेस सुटली होती: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द महालक्ष्मी हॅड लेफ्ट.' पोचणं एक, सुटणं त्याच्या आधीचं. इथं 'हॅड' काढला तर मी पोचल्यावर गाडी सुटली असा अर्थ होईल, म्हणजे कदाचित पळत जाऊन पकडलीही असेल. पुण्याच्या वाक्यात दुसरी गोष्टच नाही, मग 'हॅड' कुणाच्या आधीचं सांगणार? 'आय वेन्ट टू पुणे यस्टरडे.' बास. मी वर्गात सांगते, महिनाभर 'हॅड' उपासाला ठेवा. सगळीकडं साधं दुसरं रूप वापरा. दहातली नऊ वाक्यं बरोबर निघतील, आणि जे दहावं अडेल तिथं 'हॅड' आपणहून आठवेल.

'हॅव' मात्र उपासाला ठेवून चालणार नाही. 'हॅव' म्हणजे मुळात 'जवळ असणे', आणि सहायक झाल्यावरही तो तो अर्थ थोडा जपून आहे. झालेली गोष्ट आत्ता माझ्याजवळ आहे, तिचा परिणाम आत्ता उभा आहे. आपण 'माझं जेवण झालंय' म्हणतो ते अगदी असंच. जेवण कधी झालं हे कुणी विचारलेलं नाही. आत्ता पोट भरलंय, परत वाढू नका, एवढं सांगायचंय. 'आय हॅव ईटन.' वेळ सांगायला लागलात की 'हॅव' निघून जातो: 'आय एट अ‍ॅट वन.'

कोल्हापूरकराला हा फरक शिकवायला पंचगंगेइतकं चांगलं पुस्तक नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पाण्यानं ३९ फूट ओलांडले असा मेसेज आला की तो इंग्रजीत 'द रिव्हर हॅज क्रॉस्ड थर्टी-नाइन फीट.' कधी ओलांडले याला महत्त्व नाही, पाणी आत्ता वर आहे, गाडी उंचावर न्या. राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात, सात आहेत. मेसेज येतो, 'थ्री गेट्स हॅव ओपन्ड.' म्हणजे पाणी निघालंय, पोचेल. पण २०१९ च्या पुराबद्दल बोलताना 'द रिव्हर क्रॉस्ड फॉर्टी-थ्री फीट इन ट्वेन्टी नाइन्टीन.' तिथं 'हॅज' नको. ते पाणी ओसरलं, साल सांगितलं, गोष्ट बंद झाली. तसंच 'शिवाजी युनिव्हर्सिटी वॉज फाउंडेड इन नाइन्टीन सिक्स्टी-टू.' विद्यापीठ आजही आहे म्हणून 'हॅज बीन फाउंडेड' करायचा मोह होतो, पण १९६२ हे साल वाक्यात आलं की 'वॉज'. काल, परवा, गेल्या महिन्यात, अमुक साली, असा शिक्का मारलेला शब्द आला की 'हॅव-हॅज' बंद. अमेरिकन माणूस 'हॅव'च्या जागी बऱ्याचदा साधं दुसरं रूप वापरतो, 'आय जस्ट एट' म्हणतो. त्यामुळं सिनेमे बघून शिकलेल्यांनी गोंधळून जाऊ नये. पण 'हॅव' आणि 'यस्टरडे' एका वाक्यात अमेरिकेतही बसत नाहीत.

'हॅव'ची दुसरी हक्काची जागा म्हणजे 'पासून'. 'मी चार वर्षांपासून इथं काम करतोय.' मराठीत 'करतोय', म्हणून इंग्रजीत 'अ‍ॅम वर्किंग' येतं. पण इंग्रजीला इथं दोन टोकं दाखवायची असतात: मागं सुरू झालं, आत्तापर्यंत आलं. मागचं टोक 'हॅव' धरतो, चालू असल्याचं 'बीन वर्किंग' सांगतं. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स.' आणि आपल्या एकट्या 'पासून'चे तिथं दोन शब्द होतात. किती काळ हे मोजून सांगितलं तर 'फॉर', कुठल्या दिवसापासून हे सांगितलं तर 'सिन्स'. चार वर्षं, 'फॉर'. २०२१ पासून, 'सिन्स'. वाक्यात 'पासून' आलं आणि गोष्ट अजून चालू असली तर डोळे मिटून 'हॅव' काढा. यात मला अपवाद फारसा सापडलेला नाही.

आयएनजीबद्दल आपल्या भागातल्या लोकांनी काळजी करायचं कारण नाही. पुस्तकी मराठीत 'मी जेवत आहे' हे जड वाटतं, पण कोल्हापुरात 'काय करालाईस?' 'जेवालोय' हे दिवसातून पन्नासदा होतं. 'जेवालोय' म्हणजे नेमकं 'आय अ‍ॅम ईटिंग'. आत्ता, या क्षणी, घास तोंडात. आणि 'मी रोज नऊला जेवतो' म्हणजे 'आय ईट अ‍ॅट नाइन'. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ नावाला वर्तमान, बहुतेक वेळा तो सवय सांगतो, आपल्या 'जेवत असतो'सारखा. 'व्हॉट डू यू डू?' असं साहेबानं विचारलं तर तो 'आत्ता काय करालाईस' विचारत नाहीये, नोकरी काय करतोस ते विचारतोय. एका मुलानं याला 'आय अ‍ॅम सिटिंग' असं उत्तर दिलं होतं, आणि मला हसू आवरेना. (आमच्या इथल्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात म्हणून पुण्याचे पाहुणे हसतात, तेव्हा मी सांगते की इंग्रजीच्या क्रियापदाला तर स्त्री-पुरुष भेदच नाही, आम्ही कोल्हापूरच्या तेवढ्या पुढं आहोत.)

आयएनजी कुठं लावू नये याला एक घरगुती चाचणी आहे. मराठीत 'तोय, तेय, तंय' लावून बघा. 'मला दोन भाऊ आहेत', याचं 'असतायत' होतं का? नाही. म्हणून 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' नाही, 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'मला माहीत आहे', त्याचंही काही होत नाही, म्हणून 'आय नो'. ही चाचणी शंभर टक्के पास नाही. 'समजतंय', 'दिसतंय' मराठीत चालतं, पण इंग्रजीत 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' बरं दिसत नाही, 'आय अंडरस्टँड'च हवं. जाणणं, समजणं, वाटणं, आवडणं, असणं, या मनातल्या गोष्टींना इंग्रजी सहसा आयएनजी लावत नाही. शिवाय नको तिथं 'अ‍ॅम' घुसवायचीही आपल्याला खोड आहे. 'सहमत आहे' म्हणून 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री'. 'अ‍ॅग्री' हे स्वतःच क्रियापद आहे, 'आय अ‍ॅग्री' एवढंच म्हणा.

राहिले ते नऊ जण. यांचा एकच स्वभाव लक्षात ठेवला तरी पुरे: यांना कायम सगळ्यांत पुढं बसायचं असतं, म्हणून दोघं एका वाक्यात एकामागं एक बसत नाहीत. एका ट्रॅक्टरपुढं दुसरा ट्रॅक्टर कुणी जोडत नाही. 'उद्या मला येता येईल' यात मराठीत येता येणंही आहे आणि भविष्यही आहे, म्हणून 'विल कॅन' सुचतं. तिथं 'कॅन'ऐवजी 'बी एबल टू' घालावं लागतं: 'आय विल बी एबल टू कम.' 'मला जायला लागेल' याचंही तेच. 'मस्ट'पुढं 'विल' बसत नाही, म्हणून 'आय विल हॅव टू गो'.

'कुड'बद्दल एक बारीक गोष्ट सांगते, ती पुस्तकात असली तरी कुणी वाचत नाही. 'मला पोहता यायचं' याला 'आय कुड स्विम' अगदी बरोबर. पण 'काल मला तत्काळचं तिकीट काढता आलं', म्हणजे एकदाच काहीतरी जमलं, याला 'आय कुड गेट' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'मिळू शकेल' असं काहीतरी ऐकू येतं. तिथं 'आय वॉज एबल टू गेट अ टिकीट' किंवा 'आय मॅनेज्ड टू गेट'. गंमत म्हणजे नकारात ही अडचण नाही. 'आय कुडन्ट गेट अ टिकीट' बेलाशक म्हणा. आणि 'लहानपणी रंकाळ्यावर फिरायला जायचो' यातला 'जायचो' म्हणजे 'यूज्ड टू गो'. तो फक्त बंद पडलेल्या सवयीसाठी. रोज अजूनही जाता त्यासाठी 'आय यूज टू गो' म्हणायची जी पद्धत पडलीय ती मोडा, 'आय गो एव्हरी डे' पुरतं.

'पाऊस आला असता तर मी आलो नसतो' यातल्या 'असता'ला घाबरायचं कारण नाही. 'तर'च्या अलीकडं 'हॅड', पलीकडं 'वुड हॅव', आणि दोन्हीकडं तिसरं रूप. 'इफ इट हॅड रेन्ड, आय वुडन्ट हॅव कम.' सोमवारपर्यंत याची गरज पडणार नाही, सवडीनं बघा.

सोमवारपर्यंत काय करायचं ते सांगते. नवीन काही पाठ करू नका. उत्तरं द्यायची सवय बदला. मराठीत 'जेवलास का?' म्हटलं की आपण क्रियापदच परत म्हणतो, 'जेवलो.' इंग्रजी माणूस ट्रॅक्टर परत म्हणतो. 'डिड यू ईट?' 'आय डिड.' 'हॅज द ट्रक लेफ्ट?' 'इट हॅज.' 'कॅन यू स्टे लेट?' 'आय कॅन.' कंपनीत दिवसभर तुम्हाला असे पन्नास प्रश्न येतात. 'येस सर' म्हणून सोडून देण्याऐवजी प्रत्येक वेळी पुढचा एक शब्द धरून उत्तर द्या. चार दिवसांत कान आपोआप वाक्यातला पहिला सहायक पकडायला लागतो, आणि तो पकडला की अर्धं वाक्य तिथंच बरोबर होतं. आपल्या 'न्हवं?'साठी सगळीकडं 'इझन्ट इट' लावतो, तेही मग सुटतं. 'यू आर कमिंग' असेल तर 'आरन्ट यू?', 'ही लेफ्ट' असेल तर 'डिडन्ट ही?' तोच ट्रॅक्टर उलटा वळवायचा.

रात्री झोपताना 'सेन्ड' हे एकच क्रियापद घ्या आणि त्या दिवशीच्या मालाबद्दल पाच-सहा वाक्यं मोठ्यानं म्हणा. वुई सेन्ड, वुई सेन्ट, वुई आर सेन्डिंग, वुई हॅव सेन्ट, वुई डिडन्ट सेन्ड, इट विल बी सेन्ट. घरची हसतील, हसू देत.

मुलाखतीत 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' येणारच. त्याला सुरुवात 'आय हॅव बीन वर्किंग इन डिस्पॅच फॉर फोर इयर्स' अशी करा, त्याआधी दुसरीकडं नोकरी केली असेल तर 'बिफोर दॅट, आय वर्क्ड' म्हणून साध्या भूतकाळात जा. ती नोकरी संपलीय, तिथं 'हॅव' नको आणि 'हॅड' तर मुळीच नको. गेल्या महिन्यात गाड्या का अडकल्या असं विचारलं तर सगळं दुसऱ्या रूपात सांगा, 'द ड्रायव्हर डिडन्ट कम' हे आता बरोबर येईल. आणि नव्या जागेवर कधीपासून येणार असं विचारलं, तर 'विल बी एबल टू' म्हणत अडखळायचीही गरज नाही. 'कॅन'ला उद्याचंही बोलता येतं. 'आय कॅन जॉइन फ्रॉम द फर्स्ट.'